दिवाणखान्याची विक्रीपूर्व मांडणी

घर विकायला काढल्यावर त्याचा दिवाणखाना येणाऱ्या खरेदीदाराच्या नजरेने आवरणे, रंगवणे, उजळवणे आणि त्यातले सामान नव्याने लावणे. इंग्रजीत या प्रथेला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. मराठी बोलण्यातही हाच शब्द रुळू लागला आहे. गृहसजावटीशी तिचे साम्य वरवरचे आहे. सजावट राहणाऱ्याच्या आवडीसाठी असते. इथे राहणारा निघून जाणार हे ठरलेले असते आणि जो राहायला येणार तो अजून अनोळखी असतो. मांडलेले सामान बहुधा विक्रीत धरलेले नसते, पुष्कळदा ते भाड्याचेच असते. त्यामुळे पाहणाऱ्याला खोली कळावी एवढ्यापुरतीच ही मांडणी असते आणि सौदा झाला की मोडली जाते.

प्रथा सगळ्या घराला लागू असली तरी पहिला मान दिवाणखान्याचा. मुंबई-पुण्याच्या व्यवहारात त्याला ‘हॉल’ म्हणतात. ‘वन बीएचके’तले मधले अक्षर तेच. दार उघडले की पहिले पाऊल त्यातच पडते, आणि जाहिरातीतले पहिले छायाचित्रही बहुधा त्याचेच असते.

संज्ञा : ‘दिवाणखाना’ मराठीत फार्सीतून आला. ‘खाना’ म्हणजे घर किंवा जागा; कारखाना, तोफखाना, दवाखाना यांत तोच आहे. ‘दीवान’ची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे. मध्ययुगीन अरबी ग्रंथांत एक कथा येते : इराणच्या बादशहाने स्वतःशी आकडे पुटपुटणारे कारकून पाहिले, त्यांना ‘दीवाने’ म्हणजे वेडे म्हटले आणि त्यावरून त्यांच्या कचेरीला ते नाव पडले. ही लोकव्युत्पत्ती मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. दुसऱ्या, अधिक पटणाऱ्या मतानुसार शब्दाचे मूळ प्राचीन इराणी ‘दिपि’ (लेख) यात असून, ‘दिपि’ स्वतः एलामाइट व अक्कडियन भाषांमार्गे सुमेरियन ‘दुब’ (मातीची पाटी) पासून आलेला असावा. अशोकाच्या शाहबाझगढी येथील लेखात ‘दिपि’ हे रूप आढळते, आणि संस्कृत ‘लिपि’चा संबंधही त्याच्याशी जोडला जातो. अष्टप्रधानांतील सुमंतांना डबीर म्हणत. त्या ‘डबीर’चे मूळ फार्सी ‘दबीर’, म्हणजे लेखनिक, हेही याच कुळातले.

दिवाणखान्याचा मूळ अर्थ असा दप्तराचा, दरबाराचा आहे : बाहेरच्याला भेटण्याची जागा. पेशवाईतील वाड्यांत तो सुरूदार खांबांचा आणि हंड्या-झुंबरांचा असे. माजघर, देवघर, स्वयंपाकघर आतल्या बाजूला. परक्याची नजर जिथवर पोचते तेवढा भाग राखायचा ही रीत नवीन नाही. बसायचा-निजायचा लाकडी ‘दिवाण’ हा अर्थ बहुधा तुर्की दरबारातील भिंतीलगतच्या गाद्यांवरून आधी युरोपीय भाषांत गेला आणि तिथून आपल्याकडे परत आला. एका शब्दाच्या या दोन शाखा आजही मराठी हॉलमध्ये एकत्र नांदतात.

इतिहास : विक्रीच्या या पद्धतीला ‘स्टेजिंग’ हे नाव देण्याचे श्रेय सामान्यतः बार्ब श्वार्ट्झ यांना दिले जाते. गृहसजावटीकडून घरांच्या दलालीकडे वळलेल्या श्वार्ट्झ यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेत सिएटल शहराच्या परिसरात ती वापरायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. घरमालकाला ‘तुमचे घर अस्ताव्यस्त आहे’ असे तोंडावर सांगणे अवघड; त्यापेक्षा ‘आपण रंगमंच लावू’ म्हटले की त्याला लागत नाही, अशी त्यामागची कल्पना. या माहितीचा मोठा भाग श्वार्ट्झ यांच्या स्वतःच्या कथनावर आधारलेला असल्याने वर्ष काटेकोर धरू नये. शब्द रूढ करणे आणि त्याचे शिकवता येईल असे तंत्र बनवणे हे त्यांचे काम मात्र निर्विवाद आहे. विकायचे घर सामान लावून दाखवणे ही गोष्ट त्यांच्याही आधीची.

तिचा एक धागा प्रदर्शनांत सापडतो. लंडनमध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने 1908 मध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन सुरू केले. त्याच नावाचे प्रदर्शन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने नोव्हेंबर 1937 मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, भरवले. चाळीतून आणि वाड्यातून स्वतंत्र ब्लॉककडे निघालेल्या मध्यमवर्गाला आटोपशीर खोली कशी लावावी हे दाखवण्याचा तो प्रयत्न होता. विक्रीपूर्व मांडणीचा उगम केवळ अमेरिकेत शोधणाऱ्यांनी या प्रदर्शनाकडे दुर्लक्ष केले आहे. थेट वारसा सिद्ध करता येत नसला, तरी बांधकाम व्यावसायिकांची पुढची ‘सँपल फ्लॅट’ची पद्धत याच वळणाची आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस ही प्रथा दूरचित्रवाणीने घरोघर नेली. ब्रिटनमध्ये अ‍ॅन मॉरिस या अमेरिकी सल्लागार ‘हाउस डॉक्टर’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. स्वीडनमध्ये ‘होमस्टायलिंग’ शहरी घरविक्रीचा नित्याचा भाग झाले. अमेरिकेत व्यावसायिकांच्या संघटना उभ्या राहिल्या. ‘रिअल इस्टेट स्टेजिंग असोसिएशन’ 2007 ची.

पद्धती : राहत्या घरात असलेल्याच सामानातून मांडणी करतात, रिकाम्या घरात सामान भाड्याने आणून. काम दोन्हीकडे वजाबाकीने सुरू होते. शोकेसमधल्या बाहुल्या, फ्रिजवरचे डबे, दारामागचे कपडे, सोफ्याखालची वर्तमानपत्रांची रद्दी निघते. त्यानंतर घरच्या माणसांच्या खुणा काढतात : लग्नाचे फोटो, पदव्या, मुलांची प्रशस्तिपत्रे. पाहणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या घरात आहोत असे वाटत राहिले तर तो स्वतःला तिथे कल्पू शकत नाही, असा यामागचा सिद्धांत. भिंतींना पांढरट, फिकट राखाडी किंवा मोतिया रंग देतात.

सामान लावताना चालायची वाट 75 ते 90 सेंमी मोकळी ठेवतात. दारात उभे राहिल्यावर खिडकीपर्यंत नजर अडू नये हा मुख्य नियम. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीच्या बरीच वर, छताजवळ लावली की भिंत उंच वाटते. आरसा खिडकीसमोर टांगतात, मात्र त्यात काय दिसणार हे आधी पाहून. समोरच्या इमारतीचे पाइप दिसत असतील तर आरसा नसलेलाच बरा. गालिचा इतका मोठा हवा की सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर यावेत, नाहीतर खोली तुकड्यांत दिसते. उजेड तीन उंचींवरून येऊ देतात : छत, टेबल आणि जमिनीलगत. एकट्या ट्यूबलाइटखाली सगळ्या वस्तू सपाट दिसतात.

रिकामी खोली भरलेल्या खोलीपेक्षा मोठी वाटेल असे कुणालाही वाटेल. अनुभव उलटा आहे. मोकळ्या चार भिंतींत डोळ्याला माप मिळत नाही, आपला सोफा इथे बसेल का हे कळत नाही, आणि लक्ष फरशीच्या तड्याकडे किंवा स्विचबोर्डाभोवतीच्या डागाकडे जाते. एक सोफा, एक टीपॉय आणि एक दिवा ठेवला की माप येते.

अमेरिकी मार्गदर्शकांतले काही नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. सोफा भिंतीपासून सुटा ठेवावा हा त्यांचा आवडता सल्ला 10 बाय 15 फुटांच्या हॉलमध्ये पाळला तर चालायची वाटच बंद होते. तिथे सोफा भिंतीलाच हवा. पायाखालून फरशी दिसेल असा उंच पायांचा घेतला, म्हणजे झाले.

छायाचित्रण हा आता मांडणीचाच भाग झाला आहे. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावर 16 ते 24 मिमीची, म्हणजे रुंद कोनाची भिंगे वापरली की कोपऱ्यातून सबंध खोली मावते, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि अंतरे वाढलेली दिसतात. फोटोतला हॉल पाहून आलेल्या माणसाचा दारातच हिरमोड होतो तो बहुधा यामुळे. 24 मिमीच्या खाली न जाणे हा सचोटीचा मार्ग म्हणावा लागेल.

परिणामाविषयीची मते : मांडणीने घर लवकर आणि चढ्या भावाने विकले जाते, असे व्यावसायिक संघटना सांगतात. अमेरिकेतील ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ ही दलालांची संघटना 2015 पासून याविषयी पाहणी प्रसिद्ध करते. 2025 च्या पाहणीत खरेदीदारांच्या 83 टक्के दलालांनी मांडणीमुळे ग्राहकाला ते घर आपले म्हणून कल्पिणे सोपे जाते असे सांगितले. कोणती खोली मांडणे सर्वांत महत्त्वाचे या प्रश्नाला 37 टक्क्यांनी दिवाणखाना, 34 टक्क्यांनी मुख्य शयनगृह आणि 23 टक्क्यांनी स्वयंपाकघर असे उत्तर दिले. हे आकडे दलालांच्या मतांचे आहेत, प्रत्यक्ष किमतींचे नव्हेत. उद्धृत करताना हा फरक अनेकदा गाळला जातो. मांडलेली घरे लवकर विकली गेली म्हणताना, मांडणीवर खर्च करणारा मालक रंगरंगोटी, दुरुस्ती आणि योग्य किंमत याही बाबतींत जागरूक असतो, हेही विसरले जाते.

या प्रश्नाचा प्रयोगाने माग काढला तो मार्क लेन, मायकेल सायलर आणि व्हिकी सायलर यांनी. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एकाच घराची आभासी फेरी खरेदीदारांना वेगवेगळ्या रूपांत दाखवली गेली : भिंती सौम्य रंगाच्या किंवा भडक जांभळ्या, सामान चांगले, कुरूप किंवा मुळीच नाही. घर राहण्याजोगे वाटते का, याविषयीचे मत मांडणीने बदलले. खरेदीदार देऊ करत असलेली किंमत मात्र लक्षणीय बदलली नाही. आपल्यावर नाही तरी इतरांवर सामानाचा परिणाम होईल, असे सहभागींना वाटत होते, ही बाबही उद्बोधक आहे. प्रस्तुत नोंदीत या अभ्यासाकडे अधिक झुकते माप दिले आहे. मांडणीने घर समजायला मदत होते आणि पाहायला आलेला माणूस अधिक वेळ थांबतो, इतके म्हणता येते. भावाविषयीचा दावा त्यामानाने कच्चा आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : पुनर्विक्रीच्या घरात पूर्वापार पद्धत म्हणजे रंगाचा एक हात, नळांची गळती थांबवणे आणि दाराला नवे तोरण. गुढीपाडवा, दसरा हे खरेदीचे मुहूर्त. पितृपक्षात व्यवहार मंदावतात, तेव्हा दुरुस्त्या उरकून घेतल्या जातात. सामान भाड्याने आणून रिकामा फ्लॅट मांडण्याची चाल मुख्यतः मुंबई-पुण्याच्या महागड्या सदनिकांपुरती आहे.

घरच्या माणसांच्या खुणा काढण्याचा नियम इथे एका जागी अडतो. हॉलमध्येच देव्हारा असलेली घरे असंख्य आहेत. तो हलवावा की ठेवावा यावर एजंटांत एकमत नाही. ठेवून स्वच्छ, उजळ ठेवणे हा मार्ग बहुतेक घरांना रुचतो, कारण पाहायला येणारे कुटुंबही आपला देव्हारा कुठे बसेल हे शोधतच असते. आजी-आजोबांचे हार घातलेले फोटो उतरवताना घरच्यांना जे वाटते त्याचा विचार पाश्चात्त्य मार्गदर्शकांत नाही. तो करायला हवा. घर विकणे हा पुष्कळांसाठी आई-वडिलांच्या मागे आवराआवर करण्याचाच भाग असतो.

कायदा : दाखवणे आणि लपवणे यांतली रेषा भारतीय कायद्यात दोन ठिकाणी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधील कलम 55(1)(अ) नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तसे न करणे कपटपूर्ण मानले जाते. हे कलम मांडणीला नेमके कुठे भिडते ते ओलीच्या उदाहरणातून स्पष्ट होते. ओल आलेल्या भिंतीवर रंग देऊन पुढे पुस्तकांचे कपाट उभे केले, तर विक्रेत्याला दोष माहीत आहे आणि पाहणाऱ्याने परक्या घरातले कपाट सरकवून पाहावे अशी अपेक्षा धरणे कठीण. फिकट रंगाने खोली मोठी भासवणे या कक्षेत येत नाही, कारण मोजपट्टी लावून खरे माप कुणालाही घेता येते.

नव्या बांधकामाला रिअल इस्टेट (नियमन व विकास) अधिनियम, 2016 लागू आहे. त्याच्या कलम 12 मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रक यांच्याबरोबर नमुना सदनिकेचाही उल्लेख आहे. तिच्यातील चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झाले तर प्रवर्तकाने, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाने, भरपाई द्यायची, आणि ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर रक्कम व्याजासह परत करायची. महाराष्ट्रात 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड देणे ‘महारेरा’ने, म्हणजे या अधिनियमाखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, सक्तीचे केले, त्यामुळे नोंदलेली माहिती आणि चटई क्षेत्र फोनवरच ताडून पाहता येते. हे दायित्व प्रवर्तकाचे असल्याने आपला राहता फ्लॅट विकणाऱ्याला कलम 12 नव्हे, तर आधीचे कलम 55 लागू पडते.

आभासी मांडणी : रिकाम्या हॉलच्या छायाचित्रात संगणकाने सोफा, दिवे, झाडे बसवणे हा अलीकडचा प्रकार. भाडे आणि वाहतूक वाचते. सामान दाखवण्यापुरते ते थांबले तर आक्षेपाचे कारण नाही, पण त्याच साधनाने भिंतीचा तडा पुसता येतो आणि खिडकीबाहेरची इमारतही काढून टाकता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2026 पासून, विक्रीच्या जाहिरातीत बदललेले छायाचित्र वापरताना तसे नमूद करणे आणि मूळ छायाचित्र पाहण्याची सोय देणे दलालांवर बंधनकारक केले आहे.