आधी भोक बघा, मग चेहरा

कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 मध्ये. त्याआधीच्या ओल्मेक, माया, मोचे, अझ्टेक लोकांच्या दगडी आणि मातीच्या वस्तूंना जगभर गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आहे तिथे नकलाही आहेत. अशा संग्रहातला जेडाइट या कठीण दगडाचा मणी हातात आला, की जाणकार त्याच्या हिरव्या रंगावर भुलत नाही. मणी उजेडासमोर धरून, दहापट भिंगातून तो आधी दोरा ओवायचं भोक बघतो.

कारण सोपं आहे. त्या कारागिरांकडे लोखंडी हत्यार नव्हतं आणि धार लावणाऱ्याकडे असतं तसं फिरतं चाकही नव्हतं. भोक पाडायचं ते पोकळ बोरू किंवा हाडाची नळी, ओली वाळू आणि तासन्‌तास घुसळण यांच्या जोरावर. आत जाता जाता नळी झिजते, त्यामुळे भोक तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होतं. मग मणी उलटा करून दुसऱ्या बाजूने तेच. दोन्ही भोकं मध्यावर भेटतात, बहुतेकदा जराशी तिरकी, आणि आतला आकार डमरूसारखा होतो. हिऱ्याच्या टोकाचं यंत्र मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाचं, सरळ भोक पाडतं आणि आत बारीक, एकसारख्या चकत्यांसारख्या रेघा सोडतं. एवढ्या एका तपासणीत बरेचसे नकली मणी बाजूला पडतात.

हीच कसोटी मोठ्या वस्तूंनाही लागते. ब्रिटिश म्युझियमने 1897 मध्ये टिफनी कंपनीकडून स्फटिकाची एक कवटी अझ्टेक म्हणून विकत घेतली. ती त्याआधी युजीन बोबान या फ्रेंच व्यापाऱ्याच्या हातून गेली होती. संशोधकांनी दातांच्या खाचांवर मऊ सिलिकोन दाबून साचे घेतले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शेजारी ठेवला होता मेक्सिकोतल्या मोंते आल्बानच्या थडग्यात सापडलेल्या अस्सल स्फटिक पेल्याचा साचा. पेल्यावरचे ओरखडे हाताचे, वेडेवाकडे. कवटीवरच्या खाचा फिरत्या चाकाने कापलेल्या. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाला 1992 मध्ये टपालाने आलेल्या दुसऱ्या कवटीच्या एका खळग्यात तर सिलिकॉन कार्बाइडचे कण अडकलेले निघाले. ही घासपूड 1890च्या दशकात कारखान्यांत बनू लागली. 2008 मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि दोन्ही कवट्यांचं वय ठरलं: एकोणिसावं आणि विसावं शतक.

दगड कोणता हे घरच्या काट्यावरही कळतं. मणी कोरडा तोला, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोला. कोरडा 50 ग्रॅम, पाण्यात 35, म्हणजे घट 15. पन्नासला पंधराने भागा: 3.33. हा आकडा जेडाइटचा. घट साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास आली तर घनता 2.56, म्हणजे सर्पेंटाइन, जेडाइटसारखाच दिसणारा पण मऊ दगड. गफलत होते ती भोकात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे, घट उगाच जास्त दिसते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मणी हलवून घ्यावा. पण सर्पेंटाइन निघालं म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. जुन्या कारागिरांनीही ते भरपूर वापरलं आहे. जेडाइट सांगून सर्पेंटाइन विकणारा मात्र खोटा ठरतो.

मेक्सिकोचा मेताते मराठी माणसाला ओळखायला सर्वांत सोपा. तो पाटाच आहे, आपल्यासारखाच बसाल्टचा, फक्त बहुधा तीन पायांवर उभा, आणि त्यावर भिजवलेला मका वाटायचा. पाटा वापरून गुळगुळीत झाला की टाकी लावावी लागते, तशीच मेतातेलाही लागते. म्हणून जुन्या मेतातेवर झीज आणि टाकीचे घाव एकमेकांवर चढलेले असतात. दगडाच्या जाळीदार छिद्रांच्या कडाही गोलावलेल्या लागतात. नव्या नकलेत या कडा बोटाला टोचतात.

आता मडकी. कोलंबसपूर्व अमेरिकेत कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, नाहीतर साच्यात दाबून भांडं घडायचं. म्हणून बाहेरची नक्षी राहू द्या, आत बोट फिरवा. जोडांचे उंचवटे आणि बोटांचे दाब हाताला लागायला हवेत. बुडापासून काठापर्यंत न तुटता वर चढत गेलेली घेऱ्यांची रेघ दिसली तर ते भांडं चाकावरचं, प्रश्न मिटला.

पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाच्या खोल थडग्यांत लाल, घोटून चकचकीत केलेली मातीची कुत्री सापडतात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या अंगावर मँगनीजचे काळे ठिपके असतात. जमिनीतल्या ओलाव्यातून ते शतकानुशतकं साचत जातात आणि छिद्रांत रुजतात. काही मूर्तींवर तर थडग्यात शिरलेल्या किड्यांच्या कोषांचे ठसेसुद्धा सापडले आहेत. नकली ठिपके रंगाचे असतात. कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये भिजवून फिरवला की रंग सुटतो, खनिज सुटत नाही. हा प्रयोग बुडाशी, मुगाएवढ्या जागेवर करावा. पेरूच्या प्राचीन पाराकास लोकांच्या भांड्यांवर तर अजिबात करू नये. त्यांचे रंग भाजल्यानंतर राळ मिसळून लावलेले असतात, बोळ्याबरोबर अस्सल रंगच निघून येईल.

तरीही डोळा आणि हात फसतात. मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझचा कारागीर ब्रिहिदो लारा 1974 मध्ये पुराणवस्तूंचा चोर म्हणून तुरुंगात गेला. त्याच्याकडची मडकी अस्सल आहेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. त्याने तुरुंगातच माती मागवली आणि तशीच वस्तू घडवून दाखवली. तो सुटला आणि पुढे तिथल्याच हालापा शहराच्या संग्रहालयात कामाला लागला. माती तिथलीच, पद्धत तीच, हात तयार, मग ओळखायचं कशावरून?

भाजल्याच्या वयावरून. मातीतले क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचे कण आसपासच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सार साठवत राहतात. आव्यात सुमारे 500 अंशांच्या वर तापलं की साठा रिकामा होतो, पाटी कोरी. त्यानंतर तो पुन्हा भरू लागतो. प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात, बुडाशी बारीक भोक पाडून, वरचा दोन मिलिमीटरचा थर टाकून देऊन आतली सुमारे 100 मिलिग्रॅम पूड घेतात. ती पुन्हा तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त तितकं भांडं जुनं. या तप्तदीप्ती चाचणीत वीस-पंचवीस टक्के चूक गृहीत धरतात, पण पन्नास वर्षं की दीड हजार, एवढं ठरवायला ती पुरते.

तिलाही गंडवता येतं. जुनं बूड आणि नवं धड जोडलेलं असतं, म्हणून किमान दोन ठिकाणची पूड मागावी. जुन्या खापऱ्यांची भुकटी डिंकात मळून नवी मूर्ती घडवलेली असली तर चाचणी भुकटीचं वय सांगते. जोड आणि डिंक बघायला अतिनील दिवा कामी येतो, बरेचसे आधुनिक गोंद त्यात चमकतात. आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन पूड काढल्यानंतरच करावा. आधी केला तर त्याचाही डोस मोजणीत शिरतो.

सांभाळण्यात घात करतं ते मीठ. पेरूच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटातली भांडी खाऱ्या मातीत पडून असतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळतं, खाली आली की स्फटिक होऊन फुगतं, आणि जुन्या भिंतीला लोणा लागतो तशी वरची रंगीत साल गळू लागते. आर्द्रता सतत पन्नासच्या आसपास ठेवणं, हाच धुण्यापेक्षा सुरक्षित उपाय.

कागदपत्रं यातल्या कुठल्याही चाचणीहून आधी बघावीत. मेक्सिकोत 1972च्या कायद्याने प्राचीन वस्तू देशाच्या मालकीच्या आहेत आणि त्यांचा व्यापार होऊ शकत नाही. अशा वस्तूंची चोरटी ने-आण रोखणारा युनेस्कोचा 1970चा करार भारतानेही 1977 मध्ये स्वीकारला आहे. सहलीत पिरॅमिडपाशी कुणी खिशातून ‘शेतात सापडलेली’ मूर्ती काढली, तर ती खरी असल्यास देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि खोटी असल्यास पैसे गेले. नक्कल म्हणूनच विकली जाणारी वस्तू खुशाल घ्यावी.

1987 मध्ये पेरूतल्या सिपान इथे चोरांनी एक थडगं फोडलं. त्यानंतर वॉल्टर आल्वा यांच्या चमूने त्याच टेकाडातलं दुसरं, न फुटलेलं थडगं उकरलं. आतल्या मोचे सरदाराच्या गळ्यात धातूच्या भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. उजवीकडे दहा शेंगा सोन्याच्या, डावीकडे दहा चांदीच्या. माळेचा दोरा कधीच कुजून गेला होता. ही उजवी-डावी मांडणी कळली ती शेंगा सांगाड्यावर जागच्या जागी सापडल्या म्हणून. चोरांच्या हाती लागल्या असत्या, तर त्या वीस निरनिराळ्या कपाटांत पोचल्या असत्या.