साथीदाराचं प्रेम आणि साइड क्वेस्टची गाठ

फँटसी आरपीजीत (म्हणजे पात्राची भूमिका निभावण्याच्या व्हिडिओ गेममध्ये) साथीदाराशी प्रेम जुळतं तेव्हा पडद्याआड जे चालतं ते साइड क्वेस्टसारखंच, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या जोडकामगिरीसारखंच असतं. कुठेतरी एक आकडा वाढतो, एखादा टायमर संपतो, दोन-तीन अटी तपासल्या जातात आणि मग संभाषण उघडतं. गेल्या पंचवीस वर्षांत या यंत्रणेत मूलभूत बदल फारसे झाले नाहीत. बदलत गेली ती प्रेमप्रकरणाची बाकीच्या खेळाशी असलेली बांधणी. कुठे ती घट्ट होती, कुठे सैल, आणि खेळ लक्षात राहिला की विसरला गेला हे बरंचसं त्यावरच ठरलं.

सुरुवातीला साथीदारांना स्वतःचा आवाजच नव्हता. 1981 च्या 'विझर्ड्री'त सहाही पात्रं खेळणाऱ्याने स्वतः बनवायची, त्यामुळे ती आपापसांत बोलणार काय? 'अल्टिमा 4'मध्ये (1985) आठ सद्गुण आणि प्रत्येक सद्गुणाचा एक प्रतिनिधी अशी रचना आली. नावं आली, व्यवसाय आले, पण गटात सामील झाल्यावर ही मंडळी जवळजवळ गप्पच. 'अल्टिमा 7'मधले (1992) साथीदार निदान भूक लागली की कुरकुर करू लागले. प्रेमाचा पहिला ठळक प्रयोग त्याच वर्षीचा, 'ट्रेझर्स ऑफ द सॅव्हेज फ्रंटियर' या एसएसआय कंपनीच्या खेळात. सिउलाजिया आणि जारबारकस ही दोन पात्रं गटातल्या एखाद्या पात्राच्या प्रेमात पडू शकत, आणि ते पडतात की नाही हे तुमच्या वागण्यावर ठरे. कल्पना काळाच्या पुढची होती, मात्र तिच्यामागे लिखाण थोडंच होतं.

खरी पायाभरणी 1998 च्या 'बॉल्डर्स गेट'ने केली, आणि तीही रोमान्सशिवाय. त्यात पंचवीस साथीदार होते. त्यांतला मिन्स्क गटात येतो तो नॉल या राक्षसी टोळीच्या किल्ल्यात अडकलेल्या डायनाहेरला सोडवायला चला, असं म्हणत. तुम्ही भलतीकडेच भटकत राहिलात तर त्याचा संयम सुटतो. उलट एडविन या दुसऱ्या साथीदाराला तीच डायनाहेर मेलेली हवी असते. साथीदाराची स्वतःची गरज, तिला जोडलेली मुदत आणि मुदत चुकली तर परिणाम हे तिन्ही घटक इथे एकत्र आले. पुढच्या सगळ्या प्रेमकथा याच सांगाड्यावर उभ्या राहिल्या.

सप्टेंबर 2000 मध्ये 'बॉल्डर्स गेट २' आला. खेळ बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने साथीदार पंचवीसवरून सोळावर आणले आणि वाचलेली मेहनत संवादांवर खर्च केली. पुरुष नायकासाठी एरी, जहीरा आणि व्हिकोनिया, तर स्त्री नायिकेसाठी एकटा अनोमेन. वाटणी उघडच असमान होती आणि त्याबद्दल तक्रारीही पुष्कळ झाल्या. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रेमप्रकरणाचे दोन व्हेरिएबल (नोंदी ठेवणारे आकडे) असत: एक प्रेम चालू आहे, पक्कं झालं की संपलं हे सांगणारा, दुसरा कितवं संभाषण झालं ते मोजणारा. दोन संभाषणांमधला टायमर खऱ्या वेळेवर चाले. ही गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकजण अडकत. पुढचं संभाषण लवकर यावं म्हणून ते पुन्हापुन्हा विश्रांती घेत. विश्रांतीने खेळातले आठ तास सरत, टायमर मात्र जागचा हलत नसे. शिवाय काही संभाषणांना दिवस-रात्रीची किंवा जागेची अट होती आणि शत्रू समोर असेल तर काहीच सुरू होत नसे. नायकाचा वंश आधीच तपासलेला असे. तो यादीत बसत नसेल तर प्रकरण सुरूच होत नसे आणि खेळ त्याची काही कल्पनाही देत नसे. संभाषणं लवकर घडवणारे आणि अटी काढून टाकणारे मॉड (खेळात चाहत्यांनी केलेले फेरबदल) लोकांनी का बनवले हे यावरून कळावं.

पण तो खेळ मोठा ठरला तो या टायमरमुळे नव्हे, तर साइड क्वेस्टशी घातलेल्या गाठींमुळे. कथेच्या दुसऱ्या प्रकरणात (चॅप्टरमध्ये) गेलन बेल नावाचा माणूस तुमच्याकडे वीस हजार सोन्याची नाणी मागतो. एवढा पैसा उभा करायचा म्हणजे अ‍ॅथकाटला शहर आणि आसपासचा मुलूख पिंजून काढणं आलंच, आणि त्या भटकंतीतच साथीदार बोलते होतात. नालिया या साथीदाराच्या द'आर्निज गढीत ट्रोल नावाचे राक्षस शिरलेले असतात. कोसळलेल्या ट्रोलवर आग किंवा आम्ल वापरलं नाही तर तो पुन्हा उठतो, म्हणून निघण्यापूर्वी अग्निबाण जवळ असलेले बरे. अनोमेनची कथा याहून गुंतागुंतीची. त्याची बहीण मोइरा मारली जाते आणि बाप सूड घ्यायला भरीस घालतो. तुम्ही त्याला आवरलंत तर तो सरदारकीच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि त्याची नैतिक वृत्ती लॉफुल गुड (नियमनिष्ठ आणि सज्जन) होते. सूडाकडे ढकललंत तर परीक्षा जाते आणि वृत्ती केऑटिक न्यूट्रल (बेबंद, ना चांगली ना वाईट). प्रेम चालू असेल तर यापुढे तुम्ही वेगळ्याच माणसाशी बोलत असता. साइड क्वेस्टने माणूसच बदलावा, ही गोष्ट त्या काळी विरळा होती.

सगळ्यात पक्की गाठ कथेच्या सहाव्या प्रकरणात आहे. व्हॅम्पायर बोधी तुमच्या प्रियेला किंवा प्रियकराला पळवते आणि व्हॅम्पायर करून तुमच्यासमोर उभं करते. बोधीला मारल्यावर प्रिय व्यक्तीचा देह आणि बोधीचं हृदय, दोन्ही उचलून न्यायचं. घाईत हृदय तिथेच सोडून निघणारे खूप. मग उमार हिल्सच्या वाटेने सापडणाऱ्या अमॉनेटरच्या उद्ध्वस्त मंदिरात जाऊन ते मूर्तीच्या हातात ठेवायचं. हे मंदिर मुळात दुसऱ्या प्रकरणातल्या एका साइड क्वेस्टचं ठिकाण. तेव्हा सावल्यांशी लढायला गेलेला खेळाडू आता वेगळ्या कारणाने तिथेच परततो. नवा नकाशा न बनवता जुन्याच जागेला नवं वजन देणारी ही रचना मला आजही या प्रकारातली सर्वोत्तम वाटते.

यानंतर मोजमाप उघडं झालं. 2009 च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये प्रत्येक साथीदाराची पसंती उणे 100 ते अधिक 100 अशा पट्टीवर सरळ दिसते आणि भेटवस्तू देऊन वाढवता येते. सलग भेटी देत गेलं की पुढच्या भेटीचं मोल घटत जातं, त्यामुळे साध्या वस्तू आधी उधळून आवडीच्या मागे ठेवणं तोट्याचं. पट्टी दिसू लागताच कॅम्प (गटाचा मुक्काम) हे दुकान होऊन बसलं, ही टीका मला रास्त वाटते. पण त्याच खेळात अ‍ॅलिस्टर या साथीदाराची बहीण गोल्डाना आहे. डेनेरिममध्ये तो तिला मोठ्या आशेने भेटतो आणि ती पैशांवर येते. नंतर तो विषय निघाला की, जगात जो तो स्वतःपुरतंच पाहतो, असं त्याला सांगितलंत तर तो मनाने कठोर होतो. हे एक वाक्य कित्येक तासांनी फळाला येतं. तो राजा झाल्यावर, नायिका मानवी सरदारघराण्यातली नसेल, तर मऊ राहिलेला अ‍ॅलिस्टर कर्तव्यापोटी नातं तोडतो आणि कठोर झालेला ते टिकवायला तयार होतो. पसंती शंभरला नेऊनही शेवटी नातं तुटलेलं पाहून अनेकजण गोंधळत, कारण त्यांनी गोल्डानाचं दार ठोठावलेलंच नसे.

'ड्रॅगन एज २'ने (2011) मैत्री आणि स्पर्धा अशी दोन टोकं ठेवली आणि भांडूनही प्रेम जुळू दिलं. मला ही कल्पना फार आवडते, आणि ती पुढे कोणी नेटाने चालवली नाही याची हळहळही वाटते. 'द विचर 3'ने (2015) उत्तरं थेट क्वेस्टमध्येच ठेवली. नायक गेराल्टच्या दोन प्रेयसींपैकी येनेफरसाठी 'द लास्ट विश' ही जिनीची साइड क्वेस्ट, तर ट्रिससाठी 'नाऊ ऑर नेव्हर'चा शेवट. दोघींनाही होकार दिलात तर दोघी मिळून गेराल्टला धडा शिकवतात आणि त्याला एकही लाभत नाही.

3 ऑगस्ट 2023 ला आलेल्या 'बॉल्डर्स गेट 3'मध्ये लॅरियन स्टुडिओने जुन्याच गाठी नव्या पद्धतीने बांधल्या. सगळं कॅम्पमधल्या लाँग रेस्टभोवती (रात्रभराच्या विश्रांतीभोवती) फिरतं. एका पूर्ण विश्रांतीला 40 एकक शिधा लागतो, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर 80. शिधा वाचवायला जे विश्रांती टाळतात त्यांचे रात्रीचे प्रसंग रांगेत तुंबतात आणि खेळाचा अंक (टप्पा) बदलला की त्यातले काही कायमचे हुकतात. सुरुवातीच्या आवृत्तीत गेल हा जादूगार फारच लवकर जवळ येई. तो बग (प्रोग्राममधली चूक) असल्याचं स्टुडिओनेच पुढे सांगितलं.

कार्लाक या साथीदाराचं प्रकरण या खेळात सर्वांत नेटकं गुंफलेलं आहे. छातीतलं इंजिन इतकं तापलेलं की तिला कोणी हातही लावू शकत नाही. इन्फर्नल आयर्न या नरकातल्या लोखंडाचा एक तुकडा एमराल्ड ग्रोव्हमधल्या डॅमन लोहाराला द्यायचा, दुसरा पुढच्या अंकात लास्ट लाइट इन या सराईत त्यालाच. त्यानंतरच स्पर्श शक्य होतो. म्हणजे प्रेमाची किल्ली एका लोहाराच्या हातात, आणि तो जिवंत राहणं तुमच्या हातात. ग्रोव्हवर गॉब्लिनांच्या बाजूने चाल केलीत तर कार्लाक सोडूनच जाते. लास्ट लाइटमधला धोका जास्त फसवा आहे. वरच्या मजल्यावर सराईचं रक्षण करणाऱ्या इझोबेलशी बोलताच हल्ला होतो. त्यात तिला पळवून नेलं तर सराई पडते आणि तिच्याबरोबर डॅमनही जातो. म्हणून आधी खालच्या अंगणात लोहाराचं काम उरकावं आणि मगच जिना चढावा.

इंजिन कायमचं दुरुस्त होईल या आशेने लोक तिसरा तुकडा शोधत राहतात, पण तशी दुरुस्ती खेळात नाही. उरलेल्या लोखंडातून डॅमन फार तर चिलखत-हत्यारं बनवून देतो. कार्लाकच्या शेवटाबद्दल इतकी ओरड झाली की 31 ऑगस्ट 2023 च्या दुसऱ्या पॅचमध्ये (सुधारित आवृत्तीत) तिच्यासाठी आणखी एक शेवट आला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर पाचव्या पॅचने सहा महिन्यांनंतर सगळे साथीदार कॅम्पवर पुन्हा भेटतात, असा उपसंहार जोडला.