हॉट रॉक: डिटेक्टरला चकवणाऱ्या दगडाची पार्श्वभूमी

मुठीत मावेल एवढा, गंजाच्या रंगाचा दगड. आकाराच्या मानाने जड, फोडला तर आत काळपट. दोऱ्याला टांगलेलं चुंबक जवळ नेलं की हलकेच त्याच्याकडे झुकतं. कॉइलखाली (यंत्राच्या टोकाशी असलेल्या, जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याखाली) आला की मेटल डिटेक्टर असा वाजतो, की खाली नाणं असल्याची खात्रीच वाटावी. खणल्यावर हाती येतो तो हा दगड. धातू शोधणारे त्याला ‘हॉट रॉक’ म्हणतात. अनेकांना ही यंत्राची खोड वाटते. पण या यंत्राचा इतिहास चाळला तर पानोपानी हाच चकवा भेटतो, आणि यंत्रातल्या मोठ्या सुधारणाही त्याच्याशी झगडतानाच झाल्या.

सुरुवातीच्या फसगतीत दगड नव्हता, गादी होती. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईने एक उपकरण जुळवलं. ते चाललं नाही. गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातल्याचं बेल यांनी मागाहून सांगितलं. डॉक्टरांनी शोध घ्यायला लावला तो उजव्या बाजूचा, गोळी होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले.

पुढे अभियंता गेरहार्ड फिशर विमानांना रेडिओच्या मदतीने दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेवर काम करत होते. खनिजयुक्त खडकांच्या प्रदेशात तिचे आकडे चुकायचे. दुसऱ्या कोणी ती चूक दुरुस्त करून विषय संपवला असता. फिशर यांनी विचार केला, की खडक रेडिओलहरींना चकवत असतील तर लहरींनी खडकातलं धातुकही शोधता येईल. १९३१ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली आणि हाताने वापरायचा डिटेक्टर बाजारात आणला. आज ज्याला आपण खोटा सिग्नल म्हणतो, तोच त्यांच्यासाठी खरा सिग्नल होता!

दगड वाजतो तो मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांमुळे. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र धातूत भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण करतं आणि त्यांचं उत्तर किंचित उशिरा येतं. मॅग्नेटाइट मात्र ते क्षेत्र जवळपास त्याच क्षणी वाढवतो. वेळेतला हा फरक पकडून १९७० च्या दशकात ‘ग्राउंड बॅलन्स’ आला. आधी मातीचं उत्तर मोजायचं, मग ते वजा करायचं. मात्र वजाबाकी होते ती आजूबाजूच्या मातीची. एखादा दगड त्या मातीपेक्षा वेगळा निघाला की उरलेला फरक आवाज बनून कानावर येतो. म्हणूनच एका जागी मूक असलेला दगड दुसरीकडे नेला की बोंबलतो. मातीपेक्षा कमी खनिज असलेला दगडही गप्प बसत नाही, उलट्या दिशेचा ‘बॉइंग’ असा आवाज देतो. जाळ लागलेले दगडही फसवतात, कारण उष्णतेने मातीतली साधी लोहखनिजं मॅगहेमाइटमध्ये बदलू शकतात.

खरी कसोटी लागली ऑस्ट्रेलियात. व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ १९८० मध्ये डिटेक्टरवर ‘हँड ऑफ फेथ’ हा २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा सापडला आणि सोन्याच्या शोधाला ऊत आला. पण तिथल्या लालसर, लोहदगडांनी भरलेल्या जमिनीत यंत्रं सारखी ओरडत. चुंबकीय क्षेत्राचे छोटे झटके जमिनीत सोडणारी ‘पल्स इंडक्शन’ यंत्रं मॅग्नेटाइटला बरीचशी दाद देत नाहीत, कारण झटका थांबला की त्याचं उत्तरही थांबतं. अडचण या चुंबकीय खनिजांच्या अतिसूक्ष्म कणांची आहे. झटक्यानंतरही त्यांचं चुंबकत्व रेंगाळतं आणि धातूचा भास होतो. फरक ओसरण्याच्या पद्धतीत असतो: धातूचा प्रतिसाद घातांकी वेगाने विरतो, या कणांचा साधारण काळाच्या व्यस्त प्रमाणात. मिनलॅब कंपनीसाठी ब्रूस कँडी यांनी वेगवेगळ्या लांबीचे झटके वापरून मातीचा हा वाटा वगळायची युक्ती काढली. १९९५ मध्ये ‘एसडी २०००’ आलं आणि आधीच पिंजून काढलेल्या सोन्याच्या क्षेत्रांतून पुन्हा सोनं निघू लागलं.

तरी हॉट रॉक हटलेला नाही. कॉइल थोडी उचलली की बहुतेक दगडांचा आवाज चटकन मावळतो, धातूचा टिकून राहतो. ही खूण उपयोगी आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. दगड टाळायच्या नादात यंत्रातल्या ‘लोखंड वगळा’ या सोयीची पातळी चढवली की खनिजयुक्त मातीतला छोटा सोन्याचा खडाही लोखंड समजून गाळला जातो. माझ्या मते हे नुकसान दहा दगड खणण्यापेक्षा मोठं आहे.

सोनं शोधणारा निदान सिग्नल सोडून पुढे जाऊ शकतो. भूसुरुंग काढणाऱ्याला ती मुभा नाही. पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्की यांचे डिटेक्टर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याने वापरले. आज कंबोडियासारख्या देशांत लोहाने भरलेल्या जांभ्या मातीत हेच काम चालतं, आणि अनेक सुरुंगांत धातू असतो जेमतेम पिनेएवढा. तिथे आवाज आला की माणूस खाली बसतो, सळईने तिरकं टोचतो, बोटाबोटाने माती सरकवतो. बऱ्याचदा हाती लागतो गंजाच्या रंगाचा दगड. तो बाजूला ठेवून त्याच खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवावी लागते, कारण दगडाखाली आणखी काही असू शकतं.