जलाशयांतील परकी प्राणिप्लवके : सुक्या गाळातून झालेला प्रवास

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची दर पावसाळ्यात चर्चा होते ती पातळीची. त्याच पाण्यात वाढणारी, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी प्राणिप्लवके, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे सूक्ष्म प्राणी, मात्र त्या चर्चेत नसतात. शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवणारे आणि माशांच्या पिलांची पहिली भूक भागवणारे हे जीव खंड ओलांडून परक्या जलाशयांत कसे पोहोचतात, हे कळण्यासाठी १८८० च्या दशकात मागे जावे लागते.

नॉर्वेचे संशोधक कार्ल लुमहोल्ट्झ यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधून आणलेला सुका गाळ प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज ओसियन सार्स यांनी ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, पाण्यात भिजवला, तेव्हा त्यातून जिवंत पाणपिसवा, म्हणजे प्राणिप्लवकांतले इवले कवचधारी जीव, बाहेर पडल्या. त्यांतल्याच एका जातीला १८८५ मध्ये ‘डॅफ्निया लुमहोल्ट्झी’ हे नाव मिळाले. पुढच्या साऱ्या प्रसाराचे मर्म या प्रयोगात आहे. परिस्थिती बिघडली की पाणपिसू कठीण कवचात सुप्त अंडी घालते. ती वाळली तरी टिकतात आणि माशाच्या पोटातूनही शाबूत बाहेर पडू शकतात. शिवाय मादीला प्रजननासाठी दर वेळी नर लागत नसल्यामुळे एका अंड्यापासूनही नवी वसाहत उभी राहू शकते.

आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलियातील ही जात १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत, टेक्सास आणि मिसूरीतील जलाशयांत सापडली. आफ्रिकेतून आणलेल्या माशांबरोबर ती आली असावी, असा अंदाज आहे. डोक्यावरच्या व शेपटाच्या लांब काट्यांमुळे लहान मासे तिला सहसा गिळत नाहीत, आणि उन्हाळ्यात तिथल्या स्थानिक डॅफ्निया पाणपिसवा रोडावतात तेव्हा ती कोमट पाण्यात फोफावते.

त्याआधी, १९८२ मध्ये, युरेशियातील शिकारी पाणपिसू ‘बायथोट्रेफिस’ ऑन्टॅरिओ सरोवरात आढळली होती. तिचा मार्ग जहाजांचा तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्याचा मानला जातो. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवरात ती २००९ मध्ये दिसली. तेथे तिने शेवाळ खाणाऱ्या डॅफ्निया फस्त केल्या आणि पाण्याची पारदर्शकता सुमारे एक मीटरने घटली. पिण्याच्या पाण्याचा विचार करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे, असे मला वाटते.

मुंबईचा या विषयाशी संबंध प्रथम बंदरामुळे आला. जहाजांतील तोल सांभाळणाऱ्या पाण्याविषयीच्या २००० साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय ‘ग्लोबॅलास्ट’ प्रकल्पाच्या सहा प्रायोगिक ठिकाणांत मुंबई होती, आणि त्याबाबतचा २००४ चा करार २०१७ मध्ये अमलात आला. गोड्या पाण्यातली वाट मात्र निराळी आहे. डॅफ्निया लुमहोल्ट्झी आपल्याकडे मूळचीच असली, तरी १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियासारखे मासे, मत्स्यबीजाच्या पिशव्या आणि घरगुती मत्स्यालयांतून तलावात ओतले जाणारे पाणी यांबरोबर इतर परकी प्लवके येऊ शकतात. विहार तलाव १८६० पासून शहराला पाणी देत आहे. अशा जुन्या तलावांत मासे सोडण्यापूर्वी सोबतचे पाणी बारीक जाळीतून गाळून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे खर्चाचे नाही, आणि एकदा तळाच्या गाळात सुप्त अंडी साचली की ती वेचून काढण्याचा व्यवहार्य मार्ग उरत नाही.