व्हॉलंटरी : इच्छा आधी की मेंदू?

हातापायांचे स्नायू ऐच्छिक आणि हृदयाचे अनैच्छिक, हे आपण शाळेतच शिकतो. ऐच्छिकला इंग्रजीत ‘व्हॉलंटरी’ म्हणतात. लॅटिनमधल्या ‘व्होलुंतास’ म्हणजे इच्छा या शब्दावरून तो आला, आणि त्याच्या मुळाशी ‘वेल्ले’ (हवे असणे) हे क्रियापद आहे. स्वखुशीने पुढे येणारा व्हॉलंटिअर याच कुळातला. पण हे घराणे रोमहून कितीतरी जुने. लॅटिन ‘वेल्ले’, इंग्रजी ‘विल’ आणि संस्कृतातला ‘निवडणे’ या अर्थाचा ‘वृ’ धातू यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे आपले वरणे आणि स्वयंवरही या गोतावळ्यातलेच. हवे असणे आणि निवडणे या दोन्ही छटा या कुळात पहिल्यापासून नांदतात.

मेंदूविज्ञानाने मात्र बराच काळ यातली एकच छटा तपासली.

१९६५ साली कोर्नहुबर आणि डीके या जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की माणूस स्वतःहून बोट हलवतो त्याच्या आधीच मेंदूत एक विद्युतसंकेत हळूहळू चढू लागतो. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी पुढचा प्रश्न विचारला: हलवावेसे नेमके कधी वाटले? समोर घड्याळाच्या तबकडीवर फिरणारा ठिपका. मनात आले त्या क्षणी तो कुठे होता, एवढेच सांगायचे. संकेत हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होत होता आणि इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी. मेंदू आधीच ठरवतो, इच्छास्वातंत्र्य हा भास आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

मला तो घाईचा वाटतो. बोट आत्ता हलवले काय किंवा क्षणभराने, कोणाचे काय बिघडते? २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी तर असे मांडले, की हा चढता संकेत म्हणजे निर्णय नसून मेंदूतल्या सततच्या चढउतारांची सरासरीही असू शकते.

उरी माओझ यांच्या गटाने २०१९ मध्ये खरी निवड करायला लावली: दोन सेवाभावी संस्थांपैकी देणगी कोणाला द्यायची? निवडीने काहीच फरक पडणार नव्हता, तेव्हा तो संकेत ठळक दिसला. देणगी खरोखर आपल्या निवडीवर अवलंबून होती, तेव्हा तो जवळजवळ दिसलाच नाही.