पवित्रीकरण (ख्रिस्ती जीवन)

पवित्रीकरण : ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या व्यक्तीचे अंतःकरण व आचरण पवित्र आत्म्याच्या साहाय्याने आयुष्यभर ख्रिस्तासारखे होत जाणे, याला ख्रिस्ती धर्मशास्त्रात पवित्रीकरण म्हणतात. मराठी बायबलमध्ये हा शब्द थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात येतो. तुमचे पवित्रीकरण व्हावे हीच देवाची इच्छा आहे, असे पत्रलेखक प्रेषित पौल तेथे सांगतो. त्याच्या जोडीने येणारा दुसरा शब्द नीतिमत्त्व हा होय. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या पुत्रजन्मानंतर जे स्तोत्र गातो, त्यात शत्रूंच्या हातून सुटलेल्या लोकांनी आयुष्यभर देवासमोर पवित्रतेने व नीतिमत्त्वाने, निर्भयपणे त्याची सेवा करावी, हा तारणाचा हेतू म्हणून सांगितला आहे. मूळ ग्रीकमध्ये येथे ‘होसिओतेस’ आणि ‘दिकायोसुने’ असे दोन शब्द आहेत. ग्रीक भाषेच्या रूढीनुसार पहिल्याचा रोख देवाविषयीच्या कर्तव्याकडे आणि दुसऱ्याचा माणसांविषयीच्या कर्तव्याकडे असे. ही जोडी फोडता येत नाही, हे या संकल्पनेचे मर्म आहे. कॅथलिक चर्चच्या प्रातःप्रार्थनेत हे स्तोत्र दररोज म्हटले जाते.

पवित्र या अर्थाचा हिब्रू शब्द ‘कादोश’ असा असून ‘वेगळे केलेले, देवासाठी राखलेले’ असा त्याचा अर्थ केला जातो. मात्र हे वेगळेपण कशात असते, याचे सर्वांत सविस्तर उत्तर बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मिळते. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा, या आज्ञेने अध्याय सुरू होतो आणि लगेच शेतात, बाजारात व न्यायासनापुढे जातो : पीक कापताना शेताच्या कडा गरिबासाठी व परक्यासाठी सोडाव्यात; मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये; बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये; न्याय करताना गरिबाची वा थोराची भीड धरू नये; तराजू व मापे खरी असावीत. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही येशूने पुढे उचलून धरलेली आज्ञाही याच अध्यायातली आहे. पवित्रतेचा विचार करताना हा अध्याय बाजूला ठेवला, तर उरलेले चित्र फार अपुरे राहते.

मराठी वाचकाच्या मनात पावित्र्य या शब्दाबरोबर सोवळे-ओवळे आणि विटाळ या कल्पना सहज येतात. येशूच्या काळच्या यहुदी समाजातही शुद्धाशुद्धतेचे कडक नियम होते, म्हणून हा प्रश्न शुभवर्तमानात थेट उपस्थित होतो. न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवर आक्षेप घेतला गेला, तेव्हा बाहेरून आत जाणारे काही माणसाला भ्रष्ट करीत नाही, तर चोरी, लोभ, व्यभिचार, कपट, गर्व यांसारखे जे अंतःकरणातून बाहेर पडते तेच त्याला भ्रष्ट करते, असे येशूने सांगितले (मार्क, अध्याय ७). त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात तो कुष्ठरोग्याला हात लावतो. विटाळ स्पर्शाने पसरतो अशी समजूत असताना येथे स्पर्शाने पसरते ती शुद्धता. ख्रिस्ती पवित्रतेची दिशा त्यामुळे माणसांपासून दूर सरण्याची न राहता त्यांच्याजवळ जाण्याची होते.

विश्वासाने माणूस नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो आणि मग तो पवित्र होत जातो, या दोन गोष्टींचे नाते कसे लावायचे, यावर चर्चमध्ये मोठा वाद झाला. मार्टिन ल्यूथर व सोळाव्या शतकातील इतर प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांच्या मते नीतिमान ठरणे हे देवाचे निव्वळ कृपेचे कृत्य असून ते ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर आधारलेले आहे. सत्कृत्ये ही त्याची फळे होत, कारण नव्हेत. जॉन कॅल्व्हिनने सूर्याचा दृष्टान्त दिला : प्रकाश आणि उष्णता वेगवेगळ्या ओळखता येतात, पण एकमेकींपासून तोडता येत नाहीत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिक भूमिका मांडली. तिच्यानुसार नीतिमान ठरण्यात पापक्षमेबरोबरच अंतर्यामाचे पवित्रीकरण व नवीकरणही येते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन व कॅथलिक चर्चनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि २००६ मध्ये मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाने त्याला मान्यता दिली.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनी पवित्र जीवनाला रोजच्या शिस्तीचे रूप दिले. ब्रिस्टल येथे १७४२ मध्ये प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला एक पेनी गोळा करण्याची योजना निघाली आणि त्यातूनच सुमारे बारा जणांचे वर्ग तयार झाले. या वर्गांत सभासद आपल्या आत्मिक स्थितीविषयी, मोहांविषयी व चुकांविषयी एकमेकांशी मोकळेपणाने बोलत. सामाजिक पवित्रतेखेरीज दुसरी पवित्रता नाही, हे वेस्लींचे विधान एकांतात राहून पवित्र होऊ पाहणाऱ्यांना उद्देशून होते आणि त्याचा मूळ अर्थ सहवास हा होता. आज ते बहुधा समाजसुधारणेच्या अर्थाने वापरले जाते. गुलामगिरीला त्यांचा कडवा विरोध होता, त्यामुळे तोही अर्थ त्यांना परका वाटला नसता.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. पवित्र जीवनाच्या शिकवणीसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील केझिक येथील मेळाव्याला त्या १८९८ मध्ये उपस्थित होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली व विधवा यांना त्यांनी केडगाव येथे आसरा दिला आणि मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे १९०५ मध्ये आत्मिक जागृती झाली. मुली रडून आपली पापे कबूल करू लागल्या, प्रार्थना तासन्‌तास चालू लागल्या आणि त्यांच्या तुकड्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगण्यास निघाल्या. याच आवारात शेती, विणकाम व छापखान्याचे काम चाले, आणि समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. लेवीयातील शेताच्या कडेची आज्ञा आणि जखऱ्याच्या स्तोत्रातील जोडी येथे एकाच आवारात नांदताना दिसते. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि मृत्यूपूर्वी ते पुरे केले.

विश्वासणाऱ्यांच्या व्यवहारात पवित्रीकरणाची साधने साधी आहेत : बायबलवाचन, घरची प्रार्थना, उपवास, भक्तांचा सहवास, आणि प्रभुभोजनाला (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीला) बसण्यापूर्वी पौलाने सांगितलेली आत्मपरीक्षा. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याचा संस्कार यात विशेष महत्त्वाचा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता व इंद्रियदमन ही आत्म्याच्या फळाची लक्षणे म्हणून येतात. मुळात ‘फळ’ हा शब्द एकवचनी असल्याने, यांतले एक निवडून बाकीची सोडण्याची सोय पौलाने ठेवलेली नाही, असे अनेक भाष्यकार दाखवून देतात.