मॉन्टगोमेरी बस बहिष्कार

अमेरिकेच्या अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी येथील कृष्णवर्णीयांनी शहर बससेवेतील वर्णभेदी आसनव्यवस्थेविरुद्ध ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ या काळात पाळलेला बहिष्कार. त्याचा कालावधी सामान्यतः ३८१ दिवस दिला जातो. पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस धरल्यास तो ३८२ भरतो.

बसमध्ये ३६ आसने असत. पुढची १० गोऱ्यांसाठी राखीव होती व ती रिकामी असली तरी कृष्णवर्णीयांनी उभेच राहायचे. मागची १० साधारणपणे कृष्णवर्णीयांची. मधल्या १६ आसनांबाबत चालकाचा शब्द अखेरचा असे. एका गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायची झाली तरी त्या रांगेतील चौघांना उठावे लागे. पुष्कळदा पुढच्या दाराशी पैसे भरून खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, असा प्रकार चाले. तेवढ्यात बस निघूनही जाई. प्रवाशांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. दुसरी जागा रिकामी नसेल तर कोणालाही आसन सोडायला लावू नये, अशी तरतूद खुद्द शहराच्या नियमावलीत होती; म्हणजे रूढी नियमापेक्षाही कठोर होती. आसन न सोडल्याबद्दल अटक झालेल्या रोझा पार्क्स यांच्या खटल्यात सरकारी पक्षाने शहराच्या नियमाऐवजी राज्याच्या कायद्याचा आधार घेतला, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

बहिष्काराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. दिवसभराच्या कामाने थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने १ डिसेंबर १९५५ रोजी जागा सोडली नाही आणि शहर आपोआप पेटून उठले, ही कथा सर्वाधिक रूढ आहे. ती अपुरी आहे. पार्क्स नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस म्हणून अनेक वर्षे काम करीत होत्या. त्याच वर्षी २ मार्च रोजी पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनला आणि ऑक्टोबरमध्ये मेरी लुईझ स्मिथला याच कारणावरून अटक झाली होती. कृष्णवर्णीय स्त्रियांची स्थानिक संघटना असलेल्या महिला राजकीय परिषदेच्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी तर मे १९५४ मध्येच महापौर गेल यांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती. पार्क्सना अटक झाली त्या रात्री रॉबिन्सन यांनी महाविद्यालयातील चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके काढली. काही अभ्यासक रेल्वे-डब्यातील सेवकांचे पुढारी ई. डी. निक्सन यांना, तर काही १९५३ मधील लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूझ येथील अल्पकालीन बहिष्काराला अग्रमान देतात. हे दुवे महत्त्वाचे असले, तरी पूर्वतयारीचे श्रेय प्रामुख्याने महिला परिषदेकडे जाते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आरंभीच्या मागण्या माफक होत्या: चालकांची सौजन्याची वागणूक, कृष्णवर्णीयांनी मागून व गोऱ्यांनी पुढून बसत यायचे, पण आधी येईल त्याला जागा, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक. पृथक्करण (वर्णावरून वेगळे बसवणे) रद्द करा, असे त्यांत नव्हते. एवढेही नाकारले गेल्यावर चार स्त्रियांच्या वतीने संघीय न्यायालयात दावा दाखल झाला (ब्राउडर विरुद्ध गेल, १ फेब्रुवारी १९५६). कोल्व्हिन व स्मिथ त्यांत होत्या, पार्क्स नव्हत्या. ५ जून रोजी दोन विरुद्ध एक मताने पृथक्करण घटनाबाह्य ठरले आणि १३ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

दरम्यान लोक चालत होते. टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच १० सेंट भाडे घेण्यास सुरुवात केली, तेव्हा शहराने किमान ४५ सेंटांचा नियम पुढे केला. त्यावर सुमारे ३०० खाजगी मोटारींची सामुदायिक वाहतूक उभी राहिली. जॉर्जिया गिलमोर यांच्या गटातील स्त्रिया जेवण व गोड खाद्यपदार्थ विकून जमलेले पैसे सभेत आणून देत. देणाऱ्या अनेकजणी गोऱ्यांच्या घरी कामाला असल्याने त्यांची नावे गुप्त राखली जात. फेब्रुवारीत ८९ जणांवर बहिष्कारविरोधी जुन्या कायद्याखाली आरोप ठेवले गेले. बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग व निक्सन यांच्या घरांवर बाँब टाकण्यात आले.

या लढ्यावर गांधींचा प्रभाव सुरुवातीपासून होता काय, हाही वादाचा प्रश्न आहे. पहिल्या आठवड्यांत लोकांच्या तोंडी ख्रिस्ती प्रेमाची भाषा होती, असे किंग यांनीच लिहिले आहे. गांधींचे नाव आणले ते ज्यूलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल स्त्रीने, वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रातून. त्यात तिने बहिष्काराची तुलना मिठाच्या सत्याग्रहाशी केली. महाराष्ट्राशी एक थेट धागा आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करणारे अमेरिकन मिशनरी जेम्स लॉसन यांना ही बातमी नागपूरच्या वृत्तपत्रातून कळली. गांधीविचाराचा अभ्यास करून ते १९५६ मध्ये परतले आणि किंग यांच्या सांगण्यावरून दक्षिणेत अहिंसक प्रतिकाराचे शिक्षक झाले.

रिचर्ड पिअर्स दिग्दर्शित द लाँग वॉक होम (१९९०) या चित्रपटात हूपी गोल्डबर्ग यांनी कामावर पायी जाणारी मोलकरीण, तर सिसी स्पेसेक यांनी तिची गोरी मालकीण रंगवली आहे. घरकामगार स्त्रियांच्या अनुभवांसाठी फिस्क विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५६ च्या आरंभी, बहिष्कार चालू असतानाच घेतलेल्या मुलाखती हे सर्वांत मोलाचे साधन आहे.